निळ्या गोळीचा सोमवार

नवापूर-बोईसरच्या पट्ट्यातल्या शाळकरी मुलींसाठी दर आठवड्याला लोहाची एक गोळी असते. ती पोटात पोचेपर्यंत काय काय आडवं येतं? आणि एसी ऑफिसात बसणाऱ्या आपला तिच्याशी संबंध काय?

ऑफिसची लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यापर्यंत धाप लागते? दुपारी चार वाजले की मशीनच्या कॉफीशिवाय डोळे उघडे राहत नाहीत? केस गळतायत, नखं तुटतायत, मूड कायम डाऊन? या सगळ्याला आपल्याकडे एकच लाडकं नाव आहे, ‘स्ट्रेस’. बॉस, डेडलाइन, लोकलची गर्दी, रात्री दोनपर्यंतचा मोबाइल. दोष द्यायला जागा भरपूर. मग वीकेंडला स्पा नाहीतर मल्टिव्हिटॅमिनची महागडी बाटली.

पण आपल्यातल्या कितीतरी जणींच्या थकव्याचं कारण बॉसच्या केबिनमध्ये नसतं, रक्तात असतं. २०१९-२१ मधली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया, म्हणजे साध्या मराठीत ‘रक्त कमी’ आहे. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५७.२ टक्के. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ते ४९.७ टक्के होतं. म्हणजे मधल्या वर्षांत मॉल वाढले, मोबाइल स्मार्ट झाले, आणि मुलींचं रक्त मात्र कमी झालं. ‘हे गरिबांचं दुखणं आहे’ असं वाटत असेल तर थांबा. देशातल्या सगळ्यात सुखवस्तू घरांतल्याही जवळपास निम्म्या बायका याच यादीत आहेत.

गंमत अशी, की यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आपल्याकडे कधीचाच आहे. तो चमचमत्या फार्मसीच्या शेल्फवर नाही, सरकारी शाळेच्या कपाटात आहे. छोटी, निळी, साखरेचं आवरण असलेली गोळी. तो कसा चालतो, आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायला जरा पश्चिम रेल्वेने वर जाऊ या.

समुद्र, एमआयडीसी आणि मधली मुलगी

चर्चगेटपासून शंभरएक किलोमीटरवर बोईसर. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत जायला लागली आणि हा सगळा पट्टा मुंबईच्या ऑफिसांना आणखी घट्ट बांधला गेला. आज तुमच्या शेजारच्या डेस्कवरची मुलगी पालघरहून नाहीतर बोईसरहून रोज अपडाऊन करत असेल. स्टेशनच्या पश्चिमेला तारापूर एमआयडीसी. तिच्यातल्या कंपन्या मागे टाकत रस्ता समुद्राकडे जातो, आणि तिथे नवापूर. (नंदुरबारचं नवापूर वेगळं. हे कोळ्यांचं, किनाऱ्यावरचं.) वर्तमानपत्रात या गावाचं नाव येतं ते बहुतेक एकाच कारणासाठी. एमआयडीसीचं सांडपाणी समुद्रात सोडणारी पाइपलाइन इथल्या किनाऱ्यावर येते, आणि मच्छीमारांचं त्यावरून भांडण चालू असतं.

या पट्ट्याची गंमत म्हणजे पंधरा-वीस किलोमीटरच्या आत तीन वेगळ्या दुनिया आहेत. किनाऱ्यावर मासेमारी करणारी कुटुंबं, मध्ये कारखान्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या चाळी आणि बिल्डिंगा, आणि रेल्वेच्या पूर्वेला आदिवासी पाडे. तिन्हीकडे दहा ते एकोणीस वयाच्या मुली आहेत. कुणाच्या ताटात सुकट-भात आहे, कुणाच्या हातात वडापाव, कुणाकडे पावसाळा संपता संपता डब्यातलं धान्यच संपत आलेलं. या तिघींसाठी सरकारने एकच गोष्ट ठरवली आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो सोमवारी, एक निळी गोळी. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड.

सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींना ही गोळी वर्गात द्यायची. मुलांनाही. शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी, कारण आतड्यातले आकडीकृमी रक्त पितात आणि वरून ओतलेलं लोह खालून गळत राहतं. कागदावर योजना इतकी सोपी आहे, की फसायचं कारणच दिसत नाही.

पंधराव्या वर्षीचा हिशेब

आधी जरा हिशेब बघू. रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसांतला प्राणवायू उचलतं आणि शरीरभर पोचवतं. ते बनवायला लोह लागतं. लोह कमी पडलं, की डिलिव्हरी बॉइज कमी आणि ऑर्डरी तेवढ्याच, अशी अवस्था होते. हृदय जास्त धावतं, स्नायू लवकर दमतात, डोकं जड होतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, स्त्रीला २९. आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलीला ३२, म्हणजे तिच्या बाबांपेक्षा दीडपटीहून जास्त. कारण ती एकीकडे झपाट्याने वाढतेय आणि दुसरीकडे तिची पाळी सुरू झालीय. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह. ऐकायला किरकोळ. पण भात-भाकरी-डाळीच्या जेवणातलं लोह शरीर फार थोडं शोषून घेतं. त्यामुळे दर महिन्याचा हा खड्डा भरायला वेळ लागतो, आणि तोवर पुढची तारीख येतेच.

त्यात आपल्या घरांची जुनी पद्धत. मटणाचे, माशांचे चांगले तुकडे आधी पुरुषांच्या ताटात, उरलं-सुरलं बायका-मुलींच्या. देशभरात १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना ॲनिमिया आहे, त्याच वयाच्या मुलांत ३१.१ टक्क्यांना. यातला काही फरक पाळीचा आहे, काही ताटाचा.

लक्षणं दिसतात, पण आपण त्यांना वेगळी नावं देतो. मुलगी ‘आळशी’ आहे, ‘अभ्यासात लक्ष नाही’, ‘सारखी झोपते’, ‘खेळायला नको म्हणते’. पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती, कच्चे तांदूळ खायची सवय आठवते? वर्गात अशी एक तरी मैत्रीण असायचीच, आणि आपण तिला हसायचो. नको त्या वस्तू खाव्याशा वाटणं हे लोहाच्या कमतरतेचं डॉक्टरांना चांगलं ओळखीचं लक्षण आहे.

रोज का नाही, आठवड्यातून एकदाच का?

हा प्रश्न साहजिक आहे. इतकी कमतरता असेल तर रोज गोळी का देत नाहीत?

१९९० च्या दशकात ग्वाटेमालाचे शास्त्रज्ञ फर्नांडो व्हिटेरी यांनी मुद्दा मांडला, की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पाच-सहा दिवसांनी बदलतात. आधीच लोह भरलेल्या पेशींवर रोज नवा मारा करण्यापेक्षा नव्या पेशींना आठवड्याने एक डोस दिला तर तो जास्त कामी येईल. पुढे झुरिकच्या शास्त्रज्ञांनी याच कोड्याची दुसरी बाजू दाखवली. लोहाची गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते पुढचा दिवसभर लोहाचा दरवाजा अर्धवट लावून घेतं. २०१७ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगात रोज गोळी घेणाऱ्या तरुणींनी १६ टक्के लोह शोषलं, दिवसाआड घेणाऱ्यांनी जवळपास २२ टक्के. म्हणजे जास्त गोळ्या म्हणजे जास्त रक्त, असा सरळ हिशेब नाही.

आपल्याकडे हे करून बघितलं गेलं ते २००० पासून. युनिसेफच्या मदतीने काही राज्यांत किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक गोळी द्यायला सुरुवात झाली. महाराष्ट्रातला पुरावा नाशिक जिल्ह्यातला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी तिथे शहरी, ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या मुलींना दिलेल्या साप्ताहिक गोळीचा परिणाम तपासला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. ॲनिमिया असलेल्या मुलींचं प्रमाण ६५.३ टक्क्यांवरून ५४.३ टक्क्यांवर आलं होतं.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. शंभरातल्या अकरा मुली या यादीतून बाहेर आल्या, तेही काही पैशांच्या गोळीने. आणि तरीही निम्म्याहून जास्त मुली यादीतच राहिल्या. गोळी चालते, पण ती जादू नाही.

याच रेल्वेलाइनवर पुढे बडोदा लागतं. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या शुभदा कनानी यांचं २००० मधलं काम तर मस्तच आहे. गरीब वस्त्यांतल्या १० ते १८ वर्षांच्या मुलींना तीन महिने रोज ६० मिलिग्रॅम लोह दिलं. हिमोग्लोबिन वाढलं, ते अपेक्षितच होतं. पण मुलींचं वजनही सरासरी ०.८३ किलोने वाढलं, आणि भूक वाढल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. लोह कमी असलं की भूकच मरते. मग मुलगी कमी खाते, मग लोह आणखी कमी होतं. गोळीने हे चक्र कुठेतरी तोडलं.

या सगळ्यावरून २०१२-१३ मध्ये देशभर साप्ताहिक गोळीची योजना आली. तेव्हा गोळीत १०० मिलिग्रॅम लोह असायचं. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ते ६० वर आणलं गेलं.

हातापासून पोटापर्यंत

मग अडतं कुठे? गोळी हातात ठेवणं आणि ती पोटात जाणं, या दोन गोष्टींच्या मधल्या अर्ध्या मिनिटात.

पहिली अडचण रिकामं पोट. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, पोटात दुखतं. म्हणून ती जेवणानंतर द्यायची असा नियम आहे. आता इथे एक बारीक फट बघा. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. गोळी मात्र बारावीपर्यंत आहे. नववीतली मुलगी सकाळी घरातून फक्त चहा पिऊन निघाली असेल, बस नाहीतर टमटम पकडून शाळेत आली असेल, आणि पहिल्या तासाला तिच्या हातात गोळी पडली, तर तिला मळमळणारच. पुढच्या सोमवारी ती गोळी तोंडाऐवजी खिशात जाईल, तिथून खिडकीबाहेर. तिला दोष देण्यात काय अर्थ आहे?

दुसरी अडचण, शी काळी होते. न शोषलं गेलेलं लोह बाहेर पडतं त्याचा तो रंग. घाबरण्यासारखं काही नाही, पण हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसेल तर ती घाबरते, आणि हा विषय बोलणार कुणाशी?

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. अफवा. ‘या गोळीने मुलं होत नाहीत’ ही त्यातली जुनी. घरात आई म्हणते, ‘सरकार फुकट देतंय म्हणजे काहीतरी असणार.’ अशा भीतीला एक ठिणगी पुरते. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत गोवंडीला ते दिसलं. महापालिकेच्या शाळेत गोळ्या वाटल्यानंतर काही दिवसांनी बारा वर्षांची एक मुलगी गेली. बातमी पसरली आणि शेकडो पालक मुलांना उचलून राजावाडी आणि शताब्दी हॉस्पिटलांत धावले. पोस्टमॉर्टेमच्या प्राथमिक निष्कर्षाने बोट दाखवलं ते क्षयाकडे, गोळीकडे नाही. पण तोवर गोळीची बदनामी वस्तीच्या बाहेर पोचली होती. खुलासा सहसा बातमीइतका वेगाने धावत नाही.

त्या पालकांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण विचार करा, तुमच्या भाचीला शाळेने न विचारता औषध दिलं आणि ते कशाचं हे तुम्हाला माहीतच नसलं, तर तुम्ही काय कराल? व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज तुमचाच असेल. शाळेने पालकांना आधी बोलावणं, गोळी कशासाठी आहे हे सांगणं, मळमळलं तर काय करायचं ते सांगणं, हा योजनेच्या सूचनांचा भाग आहे. शिक्षकांनीही आठवड्याला ही गोळी घ्यावी असंही त्यात म्हटलंय. बाईंनी आधी स्वतः घेतलेली गोळी आणि बाईंनी नुसती वाटलेली गोळी, यात मुलींच्या दृष्टीने खूप फरक असतो.

चौथी अडचण कॅलेंडरची. वर्षात ५२ सोमवार. त्यातून उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, गणपती, परीक्षा वजा करा. पालघर जिल्ह्यात आणखी एक वजाबाकी आहे. भातकापणी संपली की अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामांवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. बारा-तेरा वर्षांची मुलगी लहान भावंडांना सांभाळायला सोबत जाते. तिचं नाव शाळेच्या पटावर असतं, ती भट्टीवर असते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा वर्गातला सोमवारच गेला, आणि गोळी घरोघर पोचवायचं काम आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या पिशवीत येऊन पडलं.

सगळंच रक्त लोहाने वाढत नाही

आता थोडं उलट बाजूने. ‘रक्त कमी म्हणजे लोह कमी’ हे समीकरणही पूर्ण खरं नाही.

२०१६ ते २०१८ मध्ये देशात मुलांच्या पोषणाची एक मोठी पाहणी झाली. तिच्यात बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाऐवजी शिरेतून रक्त काढून तपासलं. तेव्हा १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुलींत ॲनिमिया निघाला. कुटुंब आरोग्य पाहणीतल्या आकड्यापेक्षा बराच कमी. वयोगट वेगळा आहे, पण तपासणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हेही त्यातून कळलं. त्याच पाहणीत लोहाची कमतरता ३१ टक्के मुलींत आढळली, मुलांत १२ टक्के. म्हणजे काही मुलींचं रक्त दुसऱ्याच कारणांनी कमी होतं. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव हे त्यातलं एक. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने या बी-१२ च्या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलंय.

पालघरमध्ये आणखी एक नाव लक्षात ठेवावं लागतं, सिकलसेल. आदिवासी समाजांत जास्त आढळणारा हा आनुवंशिक आजार. यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर मोडतात. इथे केवळ लोहाने प्रश्न सुटत नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह साठून उलट त्रास होऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं आणि तपासणीवर भर आला, तो याचसाठी.

तरीही साप्ताहिक गोळीच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. २०१९ मध्ये जगभरातल्या २५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. पाळी येणाऱ्या मुली आणि बायकांनी अधूनमधून, म्हणजे आठवड्यातून एक-दोन-तीनदा लोह घेतलं, तर ॲनिमियाचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, असं त्यात निघालं. त्यासाठी प्रत्येकीचं रक्त आधी तपासावं लागत नाही. ही आठवड्याची गोळी प्रतिबंधासाठी आहे. हिमोग्लोबिन खाली गेलेलं असेल तर मात्र उपचार लागतात. तेव्हा डॉक्टर रोजचा डोस देतात, निदान तीन महिने, आणि मध्ये पुन्हा तपासतात.

चौकट : किचनमधले गैरसमज

बीट : लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, हा निव्वळ रंगाचा महिमा. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही. डाळिंबाचीही तीच कथा. खा, छान आहेत, पण लोहासाठी नाही.

गूळ : १०० ग्रॅममध्ये साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. पण गुळाचा खडा असतो दहा ग्रॅमचा. म्हणजे अर्धा मिलिग्रॅम.

बाजरी, नाचणी : बाजरीत १०० ग्रॅमला सहाएक मिलिग्रॅम, नाचणीत चारेक. भाकरी रोजची असल्याने हा खरा आधार. शोषण कमी, म्हणून सोबत लिंबू, पेरू, आवळा.

मासे, मटण, कलेजी : यातलं लोह शरीर सहज घेतं, आणि सोबतच्या भाताभाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. सुकट, जवळ्याला नाक मुरडू नका.

चहा-कॉफी : जेवणाबरोबर नको. गोळीच्या आधी-नंतर तासभर नको. दूध, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषधही गोळीच्या जोडीला नको.

गोळ्यांचे रंग : ५ ते ९ वर्षांसाठी गुलाबी, १० ते १९ साठी निळी, मोठ्या बायकांसाठी आणि गरोदरपणात लाल. गोड आवरणामुळे लहान मुलं गोळ्या चॉकलेटसारखी खातात आणि लोहाचा मोठा डोस लहान मुलाला जिवावर बेतू शकतो. त्यामुळे पाकीट उंचावर ठेवा.

आता तुमचा सोमवार

नवापूरच्या बाजूच्या शाळेतल्या मुलीला चुकत-माकत का होईना, गोळीची आठवण करून देणारं कुणीतरी आहे. बाई आहेत, वर्गाची नोंदवही आहे, तिचं स्वतःचं कार्ड आहे. तुम्हाला कोण आहे? कागदोपत्री २० ते ४९ वयाच्या स्त्रियांनाही आठवड्याला एक गोळी मिळायला हवी. पण तुमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर कुणी आशाताई येत नाही. शिवाय योजना सरकारी आणि अनुदानित शाळांची असल्याने खासगी इंग्लिश मीडियममध्ये शिकणारी तुमची भाचीही बहुधा तिच्या बाहेरच आहे. भरगच्च फी आणि रिकामं कार्ड.

तर एवढं करा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, सतत दमायला होत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा, आणि डॉक्टर म्हणाले तर फेरिटिनही. हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातली कॅश, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. कॅश दिसत असते तोवर शिल्लक संपल्याचं कळत नाही. स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. मैत्रिणीने सांगितलेली गोळी तिच्या डोसने सुरू करू नका. आणि मुलांनो, तुम्ही पान उलटू नका. बहिणीच्या, बायकोच्या ताटात काय पडतं हे तुम्हालाही दिसतं.

दुसरी गोष्ट ऑफिसची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. तेव्हापासून टी-शर्ट, बॅनर आणि ग्रुप फोटोवाली आरोग्य शिबिरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची झालीत. एक बस भरून जायचं, दोनशे मुलींची बोटं टोचायची, ‘तुझं रक्त कमी आहे’ असं सांगून संध्याकाळी परतायचं. पुढचा सोमवार कोण बघणार? शिबिर एक दिवसाचं असतं, लोह ५२ आठवड्यांचं. तुमच्या टीमला खरंच काही करायचं असेल तर शाळेला आधी विचारा, इथे अडतंय काय. कदाचित उत्तर येईल, ‘नववी-दहावीच्या मुली उपाशी येतात.’ मग सोमवारी सकाळी केळं आणि चिक्की वर्षभर पोचवा. कदाचित उत्तर येईल, ‘पालक घाबरतात.’ मग पालकसभेला एखादी डॉक्टर नेऊन बसवा, आणि प्रश्न संपेपर्यंत तिला हलू देऊ नका. फोटोला हे दिसायला फार भारी नाही, पण गोळी पोटात जायला यानेच मदत होते.

आणि शेवटी एक खटकणारी गोष्ट. या योजनेबद्दल बोलताना जवळजवळ प्रत्येक भाषणात एक वाक्य येतं, ‘आजची मुलगी ही उद्याची माता.’ खरंय, आईचं रक्त कमी असलं की बाळंतपणात तिच्या आणि बाळाच्या जिवाला धोका वाढतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला हे सांगून गोळी द्यायची म्हणजे तिच्या थकव्याला तिचं स्वतःचं काही मोलच नाही, असं होतं. तिला आज खो-खोत धावायचंय. आज गणिताच्या तासाला जागं राहायचंय. बोईसरहून कॉलेजला जायचं तर गाडीत उभं राहून प्रवास करायचाय. उद्या तुमच्याच शेजारच्या डेस्कवर बसून तुमच्याइतक्याच डेडलाइन गाठायच्यायत. तिची गोळी यासाठी आहे, आणि ही कारणं सांगितली तर ती खिडकीबाहेर कमी जाईल.

तुमच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना बहुतेक एखादी शाळेत जाणारी मुलगी असते. आपण तिची इयत्ता विचारतो, मार्क विचारतो. पुढच्या वेळी हेही विचारा, ‘सोमवारी गोळी मिळते का गं तिला? जेवून घेते ना?’ मिळत नसेल तर जवळची अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र कुठे आहे ते शोधून द्या. मिळत असेल आणि ती घेत नसेल, तर का घेत नाही ते नीट ऐकून घ्या. कारण बहुतेक साधंच निघेल, आणि तुम्हाला आता त्याचं उत्तर माहीत आहे.